ऐंशीच्या आत

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार माणसं रोज ठरल्या जागी जमली की ते आपोआप साचतात, माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात तसे. झाडून काढलं नाही तर पाय ठेवायला जागा उरत नाही. आमचेही असेच साचलेत. आज सांगून मोकळा होतो. काही हसण्यासारखे आहेत, सगळे नाहीत.

आम्ही म्हणजे परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सकाळी चालणारे चौघं. सौदे सुरू व्हायच्या आधी मोंढ्याचं आवार मोकळं असतं. गाड्या नाहीत, पोती नाहीत, फक्त सांडलेल्या तुरीवर जमलेली कबुतरं. आडत दुकानवाले दिगंबरराव, हायस्कूलचे साळवे सर, टायरचं दुकान चालवणारे अन्वरभाई आणि मी. मी टेलर, त्यामुळे सगळे मला मास्टर म्हणतात. चौघांचीही पन्नाशी आलेली आणि चौघांचंही पोट माणसाच्या आधी दारातून आत जाणारं.

पण चालायची खरी गरज एकट्या दिगंबररावांना होती. त्यांच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या, दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिससाठी त्या रेल्वेने जालन्याला जातात आणि दुपारी गळून गेलेल्या परत येतात. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात एकट्या दिगंबररावांची किडनी जुळली. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, "तुमची घेऊ. पण आधी वजन उतरवा. ऐंशीच्या आत या, मग पुढचं बोलू."

दिगंबरराव तेव्हा शंभरीला टेकलेले होते!

* * *

आडत्या माणूस तो. समोरच्याने सांगितलेला आकडा पहिल्या फटक्यात मान्य करणं त्यांच्या रक्तातच नाही. डॉक्टरांच्या केबिनमध्ये त्यांनी सौदाच सुरू केला.

"साहेब, पंच्याऐंशीला फायनल करा की!"

"नाही जमणार."

"बरं, ब्याऐंशी. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

"ऐंशी म्हणजे ऐंशी," डॉक्टर म्हणाले. "वर अर्धा किलोही मला चालणार नाही. तुमच्याच जिवासाठी सांगतोय."

दिगंबररावांनी बोटांवर हिशेब केला. थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण साहेब, किडनी काढल्यावर तिचं वजन कमी होईलच ना? मंग ते आत्ताच वजा धरा!"

डॉक्टर हसले नाहीत. कुसुमवहिनी मात्र पदर तोंडाला लावून हसल्या, आणि रेल्वेत बसल्यावर आठवून पुन्हा हसल्या. लई दिवसांनी हसली बाई, असं दिगंबररावांनीच आम्हाला सांगितलं.

* * *

चालायला लागलो खरे, पण आमचं चालणं कसलं! मोंढ्याला दोन चकरा मारायच्या आणि स्टेशन रोडच्या गाडीवर भजी खायची. अन्वरभाई तर म्हणायचे, "चलने के बाद भूख लगतीच ना मास्टर! भूख लगी मतलब वजन उतर रा."

मग दिगंबररावांनी उपास धरले. एकादशी होतीच, त्यात सोमवार, गुरुवार आणि शनिवारची भर पडली. गावात चर्चा, बायकोसाठी नवरा उपाशी राहतो! महिना संपला आणि वजन करतो तर काटा खाली यायच्या ऐवजी वर गेलेला.

साळवे सरांनी विचारलं, "उपासाला खाता काय?"

"काही न्हाई हो सर. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. रात्री दोन केळं अन् दूध."

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, डॉक्टरने याला नाही म्हणून सांगितलंय ना?"

तर दिगंबरराव चिडून म्हणाले, "देवाला चालतं ते डॉक्टरला कामून चालत न्हाई?"

यावर आम्ही आठवडाभर हसलो. तेव्हा हसायला यायचं.

* * *

आता काट्याचं सांगतो, कारण आमचं सगळं त्या काट्यापाशीच चालायचं.

दिगंबररावांच्या दुकानात पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. लाल आकडे दाखवतो. रोज चालून आलो की वजन तिथेच. पण दिगंबरराव आधी काटा तपासायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळची अर्ध्या अर्ध्या किलोची दोन लोखंडी वजनं गादीवर पडलेली असतात. एरवी पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांचा उपयोग. ती दोन्ही काट्यावर ठेवायची, काट्याने बरोबर एक किलो दाखवला की मगच स्वतः चढायचं. मोंढ्यात कुणाचा कुणावर भरोसा नसतो, स्वतःच्या काट्यावरही नसतो.

चढायच्या आधी चपला काढायच्या. मग घड्याळ, मग कमरेचा पट्टा. अंगठ्या निघत नव्हत्या, बोटं सुजल्यासारखी जाड होती. एकदा तर श्वास सोडून उभे राहिले.

"श्वासाला वजन नसतं," साळवे सर म्हणाले.

"सर, पोत्यातली हवासुद्धा आम्ही सोडत न्हाई!"

आणि आकडा आला की हमालाला ओरडून सांगायचे, "बारदान वजा कर रे! कपड्याचा एक किलो धर!" पोत्याचं वजन वजा करतात तसं. हमाल म्हणाला, "मालक, तुमच्या बारदानापेक्षा मालच जास्त भरलाय." सगळा मोंढा हसला. दिगंबररावही हसले. पण घरी वहिनी विचारायच्या तेव्हा ते बारदान वजा केलेलाच आकडा सांगायचे.

* * *

पुरुषांच्या पोटाबद्दल मला विचारा. बत्तीस इंचाची पँट घालणारी पोरं मी चाळीस इंचाला आणली आहेत, टेप घेऊन, डोळ्यांदेखत. कमरेला टेप लागला की प्रत्येक जण श्वास आत ओढतो. कलेक्टर असो नाहीतर हमाल. साळवे सर शिकलेले, शांत, वाचणारे. ते तर म्हणतात, "मास्टर, गेल्या वर्षीचंच माप धरा, तोवर मी उतरतो." चार वर्षं झाली, तेच माप धरतोय आणि दर वर्षी शिवण उसवून देतोय.

बायका मापाला आल्या की उलटं. कुसुमवहिनी ब्लाउज आत घ्यायला आल्या होत्या. अंगावर काही उरलंच नव्हतं. टेप धरला तर त्या म्हणाल्या, "सैल ठिवा भाऊजी. आत घेऊ नका लई. पुन्हा भरंन ना अंग."

मी सैल ठेवलं.

* * *

चालून झालं की आम्ही चौघं दिगंबररावांच्या घरी चहाला. घर मोंढ्याला लागूनच. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, चहा बिनसाखरेचा मिळेल. एकट्या दिगंबररावांना वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनाच बिनसाखरेचा. आम्ही तोंड वाकडं करून प्यायचो. अन्वरभाई म्हणायचे, "भाभी, ये चाय हय के काढा?"

वहिनी स्वतः घेत नसत. त्यांना दिवसभरात पाणीच मोजकं. एका लहान तांब्यात दिवसाचं पाणी काढून ठेवलेलं असायचं, चहाचा कप घेतला तर तांब्यातलं तेवढं कमी करावं लागायचं. आम्ही पीत असताना त्या ओल्या फडक्याने ओठ पुसत बसायच्या. आणि दिगंबररावांच्या ताटाकडे लक्ष. ज्वारीची एक भाकर, मेथीची भाजी, वरून तेल नाही. रोज त्याच करायच्या. डायलिसिसच्या दिवशी गाडी पकडायच्या आधी करून ठेवायच्या.

एकदा दिगंबरराव वैतागले. "हे गवत खाऊन मी मरंन एक दिवस!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या लवकर नका मरू. आधी ऐंशीच्या आत या."

* * *

जुन्या जालन्यात दिगंबररावांच्या मेव्हणीच्या पोराचं लग्न होतं. तोवर त्यांचं वजन खरंच उतरायला लागलं होतं, नव्वदच्या खाली आले होते. मीही गेलो होतो. पंगतीत वाढणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी थांबायचा. बुंदी घ्या, मठ्ठा घ्या, एक पुरी तरी! नाही म्हणालं की वाढणाऱ्याचा अपमान. आपल्याकडे आग्रहाला हद्द नाही. माणूस दवाखान्यात गेला तरी चालेल, उपाशी उठता कामा नये.

एक लांबचे मामा पुढ्यात येऊन बसले. "दिगंबर, काय हे! केवढा वाळलास! दुखणं काय झालं?"

"मला काही न्हाई मामा. दुखणं कुसुमला हाये."

"मंग तू कामून वाळलास?"

दिगंबररावांनी सगळं सांगितलं. किडनी, वजन, डॉक्टर. मामांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि वाढप्याला हाक मारली, "इकडं बुंदी आण रे! पोरगं लई टेन्शनमधी हाये!"

लोक हा किस्सा ऐकून हसतात. मला त्या मामाचा अजून राग येतो. तो एकटा नव्हता ना! वहिनी बाजूच्या पंगतीत होत्या. त्यांच्या ताटात काय आहे, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

* * *

त्यानंतर धावड्याहून डबे यायला लागले.

दिगंबररावांचं मूळ गाव भोकरदन तालुक्यातलं धावडा. त्यांची माय तिथे थोरल्या भावाकडे राहते. शेती बरी आहे, घर भरलेलं आहे. थोरला भाऊ पंधरा-वीस दिवसांनी यायचा आणि डबा ठेवायचा. डिंकाचे लाडू, तुपातले. पुढच्या वेळी बाजरीची पापडी आणि लोण्याचा गोळा. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा लाडू.

एकदा आम्ही चहाला बसलेलो असताना तो आला. डबा वहिनींच्या हातात दिला. "मायनं धाडलेत. म्हणली, दिगंबरला रोज दोन द्या."

साळवे सर न राहवून म्हणाले, "अहो दादा, त्यांना वजन कमी करायचंय. वहिनींच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आम्हाला काय कळत न्हाई का सर?" भाऊ म्हणाला. "आम्ही कुठं अडवून राह्यलो? आम्ही तर खाऊ घालून राह्यलो!"

त्या घरात "किडनी देऊ नको" असं कधी कुणी म्हणालं नाही. तसं म्हणणं वाईट दिसतं. लाडू पाठवणं कुठे वाईट दिसतं? मायेचं असतं ते. चौघांच्या हातात एकेक लाडू होता आणि आमच्यापैकी कुणीही तोंडाला लावत नव्हतं.

वहिनींनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "खा ना भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "चांगले झालेत. आमच्या सासूबाईचा हात मोकळा हाये तुपाला."

* * *

मधल्या काळात दिगंबरराव तपासणीसाठी एकटेच संभाजीनगरला गेले होते. तिथे बाकावर एक माणूस भेटला, त्याने भावाला किडनी दिलेली. दिगंबररावांनी त्याला पोटाशी टाका केवढा आहे ते दाखवायला सांगितलं. त्यानेही शर्ट वर केला.

"एवढा," दिगंबररावांनी आम्हाला हाताने दाखवलं. पोटापासून मागे पाठीपर्यंत.

"अब ठीक हय ना वो आदमी?" अन्वरभाईंनी विचारलं.

"ठीक हाये. चालून राह्यला, खाऊन राह्यला. कामाला जातो म्हणला."

"मंग बस ना!"

दिगंबररावांचा हात अजून पाठीवरच होता. त्या दिवसापासून भज्यांची गाडी आली की ते स्वतःच पुढे निघून जायचे. लग्नाला गेले तर ताटावरून तसेच उठायचे. धावड्याचे लाडू हमालांना वाटले. आम्हाला वाटलं, गड्याने आता मनावर घेतलं! दर आठवड्याला काटा खाली. बारदान वजा करायचंही सोडून दिलं. साळवे सर म्हणाले, "इच्छाशक्ती, मास्टर! यालाच म्हणतात."

वहिनी एकदा दारात मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांना झोप न्हाई आजकाल. ताटातलं अर्धं तसंच ठिवतात. तुम्हाला काही बोलले का?"

मी म्हणालो, "काही नाही हो. डाएट करतायत."

* * *

आणि मेच्या एका सकाळी लाल आकडा ऐंशीच्या आत आला! अंगात कपडे होते, पायात चपला होत्या, घड्याळही काढलेलं नव्हतं. काहीही वजा न करता एकोणऐंशी आणि थोडं.

मोंढ्यात आरडाओरड झाली. अन्वरभाईंनी दिगंबररावांना उचलायचा प्रयत्न केला आणि आता ते उचलता येतात म्हणून पुन्हा ओरडले. पेढे चालणार नव्हते, म्हणून साळवे सरांनी काकड्या आणून वाटल्या. वहिनींना सांगायला मीच पळालो. त्यांनी ऐकलं आणि देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता ते ब्लाउज अजून जरा सैल करून ठिवा भाऊजी."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची तारीख. संध्याकाळी दिगंबरराव माझ्या दुकानात आले. जुनी बंडी ढगळ झाली होती, आडते लोक सदऱ्याच्या आत घालतात ती. नवी हवी होती, सकाळपर्यंत.

"आतून दोन खिसे कर मास्टर. दुहेरी कापडाचे."

"एवढे मजबूत कशाला?"

"असू दे. दवाखान्यात चिल्लर लागते," ते म्हणाले.

मी बसून शिवून दिली. हौसेने शिवली, पैसे घेतले नाहीत.

सकाळच्या गाडीने आम्ही पाचही जण गेलो. उकाडा असा की डब्यात सगळ्यांनी सदऱ्याची बटणं सोडलेली. दिगंबरराव गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले. दवाखान्यात नर्सने नाव पुकारलं. नवरा-बायको आत गेले, आम्ही बाहेर. थोड्या वेळाने दिगंबरराव बाहेर आले.

"वर गेला," ते म्हणाले. "ऐंशीच्या वर. थोडाच. डॉक्टर म्हणले, अजून महिन्याने या."

आम्हाला खरंच वाटेना. परतीच्या अख्ख्या प्रवासात आम्ही त्या दवाखान्याला शिव्या घातल्या. साळवे सर म्हणाले, तक्रार करू. अन्वरभाई म्हणाले, "ये लोगां जानबूझके तारीख पे तारीख देते!" मी म्हणालो, "त्यांचा काटाच खोटा आहे." दिगंबरराव घामाने निथळत खिडकीबाहेर बघत होते. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. थकल्या असतील असं वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा मोंढ्यात. सवय, दुसरं काय. चालून दुकानात आलो तर गादीवरचे कागद पंख्याने सगळीकडे उडालेले. हमाल वेचत होता आणि काटा तपासायची वजनं शोधत होता. "इथंच असतात की मालक, रोज," म्हणत होता. दिगंबरराव म्हणाले, "राहू दे रे, सापडतील." अन्वरभाईंनी कागदांवर आपलं हेल्मेट ठेवलं.

तेवढ्यात कुसुमवहिनी आल्या. त्या मोंढ्यात कधीच येत नाहीत, बायका येतच नाहीत तिथे. डोक्यावर पदर, हातात डायलिसिसला जातानाची कापडी पिशवी. आम्ही उठून उभे राहिलो. त्या सरळ काट्यापाशी गेल्या. पिशवीतून दोन्ही लोखंडी वजनं काढली आणि एकेक करून काट्यावर ठेवली.

लाल आकडा आला. एक किलो.

"बराबर हाये की काटा," वहिनी म्हणाल्या.

हमाल हातातले कागद घेऊन तसाच उभा राहिला. दिगंबरराव खाली बघत होते.

वहिनींनी पिशवीची घडी घातली, पदर नीट केला आणि त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "चला घरी, चहा टाकते. आजपासून साखर घालत जाऊ ना?"